नुसते पाहून केलेले पार्किन्सन्सचे निदान कितपत खरे ठरते?

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा हात थरथरू लागतो, चाल मंदावते, आणि त्यांना मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेले जाते. डॉक्टर तक्रारी ऐकून घेतात, अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला-उघडायला सांगतात, मनगट धरून हात हलवून पाहतात, बाहेरच्या बोळातून चालायला लावतात, कागदावर एक वाक्य लिहून घेतात आणि पंधरा-वीस मिनिटांत सांगतात की हा पार्किन्सन्स आहे. मधुमेह ठरवायला रक्तातली साखर मोजतात, क्षयासाठी थुंकी तपासतात. मग आयुष्यभर औषध घ्यायला लावणारा हा आजार नुसत्या पाहण्यावरून कसा ठरला, असा प्रश्न घरच्यांना पडतो आणि तो अगदी रास्त आहे. त्यातच पाठीच्या मणक्यातील पाण्यावरून किंवा त्वचेच्या तुकड्यावरून पार्किन्सन्स ओळखता येतो, अशा बातम्या अलीकडे वाचायला मिळतात, त्यामुळे आपल्या डॉक्टरांनी काही राहू तर दिले नाही ना, ही शंका बळावते.

डॉक्टरांनी सहसा काही राहू दिलेले नसते. या आजाराचे निदान मुळातच रुग्णाच्या शरीरावर दिसणाऱ्या लक्षणांवरून केले जाते, आणि तज्ज्ञाने काळजीपूर्वक केले तर ते बहुतेक वेळा बरोबर येते. ‘बहुतेक’ म्हणजे नेमके किती, हे मात्र निदान कोणी केले, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर केले आणि ते खरे-खोटे कशावरून ठरवले, यांवर अवलंबून असते.

‘कंपवात’ या नावाने होणारी दिशाभूल

मराठीत या आजाराला सर्रास कंपवात म्हणतात. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी सहा रुग्णांचे वर्णन केले, तेव्हा त्यांनीही आजाराच्या नावात थरथर आणि पक्षाघात यांनाच स्थान दिले होते. विशेष म्हणजे त्या सहांपैकी काहींना त्यांनी केवळ रस्त्यात पाहिले होते. म्हणजे पाहून निदान करण्याची परंपरा या आजाराच्या पहिल्या लेखापासूनचीच आहे. पुढे पॅरिसच्या झाँ-मार्टिन शार्को यांनी दाखवून दिले की यात पक्षाघातासारखी दुर्बलता नसते आणि प्रत्येक रुग्णाला कंप असतोच असे नाही, म्हणून त्यांनी आजाराला पार्किन्सन यांचे नाव देण्याचा आग्रह धरला.

आपल्याकडे मात्र कंप नावातच राहिला आणि त्यातून दोन उलटसुलट चुका होतात. हात थरथरला की कंपवातच, असे लोक धरून चालतात, आणि हात थरथरत नसेल तर पार्किन्सन्स असूच शकत नाही, असेही मानतात. दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते, कारण थरथर नसलेला रुग्ण ‘वयोमानाने मंदावला’ या समजुतीखाली कित्येक महिने घरीच राहतो, किंवा आखडलेल्या खांद्यासाठी हाडांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या घालत बसतो.

आजार मेंदूच्या आत, खुणा शरीरावर

मेंदूच्या मधल्या भागात, खोलवर, काळसर रंगाच्या पेशींचा एक पट्टा असतो. या पेशी डोपामाइन नावाचे द्रव्य तयार करतात आणि त्याच्या आधारे शरीराच्या हालचाली सहज, योग्य वेगाने आणि योग्य आकारात होतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि उरलेल्या काही पेशींमध्ये आल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. या गुठळ्यांना लेवी बॉडी म्हणतात.

निदानातील सगळी अडचण इथूनच सुरू होते. खरा आजार आहे तो मेंदूतील या पेशींमध्ये, आणि जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा काढून पाहणे शक्य नाही. डॉक्टरांना दिसतो तो त्या बिघाडाचा बाहेर उमटलेला परिणाम. घरातला दिवा मिणमिणू लागला की वीज कमी दाबाने येते आहे एवढे कळते, पण दोष खांबावर आहे, मीटरमध्ये आहे की घरातल्या जुन्या तारेत, हे दिव्याकडे पाहून लगेच सांगता येत नाही. डोपामाइनच्या यंत्रणेत कुठेही, कशामुळेही बिघाड झाला तरी शरीरावर साधारण सारखेच चित्र दिसते. मंदावणे, ताठरणे आणि थरथरणे यांच्या त्या समान चित्राला पार्किन्सोनिझम म्हणतात. पार्किन्सन्स हे त्याचे सर्वांत नेहमीचे कारण असले तरी एकमेव कारण नव्हे.

ती पंधरा मिनिटे डॉक्टर काय शोधत असतात

आंतरराष्ट्रीय पार्किन्सन अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार पहिली आणि अनिवार्य अट आहे ती हालचालींच्या मंदपणाची. त्याच्या जोडीला स्थिर अवस्थेतला कंप किंवा स्नायूंचा ताठरपणा, यांपैकी किमान एक हवे. एवढे जुळले की पार्किन्सोनिझम आहे असे म्हणता येते, आणि तो पार्किन्सन्समुळेच आहे का, हा विचार त्यानंतर सुरू होतो.

मंदपणा म्हणजे केवळ सावकाशपणा नव्हे. वयामुळे, गुडघेदुखीमुळे किंवा उदासीनतेमुळेही माणूस सावकाश होतो. पार्किन्सन्सची खूण अशी की तीच हालचाल पुन्हा पुन्हा करताना ती उत्तरोत्तर लहान होत जाते. अंगठा आणि तर्जनी दहा-पंधरा वेळा जुळवायला सांगितले तर पहिल्या काही वेळा बोटे पुरेशी लांब उघडतात, मग अंतर कमी कमी होते, मध्येच हालचाल अडखळते. लिहितानाही असेच होते: ओळीच्या सुरुवातीला अक्षर ठीक असते आणि शेवटाकडे जाता जाता इतके बारीक होते की शिरोरेघेखाली काय लिहिले आहे ते वाचता येत नाही. शक्य असल्यास रुग्णाची काही वर्षांपूर्वीची सही असलेला कागद डॉक्टरांना दाखवावा, कारण जुने आणि नवे अक्षर शेजारी ठेवल्यावर कधीकधी जे दिसते ते तोंडी सांगून कळत नाही.

ताठरपणा डॉक्टर स्वतःच्या हाताने अजमावतात. रुग्णाने हात सैल सोडला असताना कोपर किंवा मनगट हलवले तर शिशाची नळी वाकवावी तसा सगळ्या हालचालीत सारखाच अडसर जाणवतो, आणि त्यात कंप मिसळला असेल तर दातेरी चाक फिरवल्यासारखे टप्पे लागतात.

कंपाचा प्रकार तर फारच महत्त्वाचा. पार्किन्सन्सचा कंप हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना येतो. सेकंदाला चार ते सहा वेळा, आणि अंगठा-बोटांची हालचाल फुलवात वळत असल्यासारखी दिसते. हात कामाला लागला की तो कमी होतो किंवा थांबतो. याउलट ‘इसेन्शियल ट्रेमर’ नावाचा, बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला कंप चहाचा कप तोंडाकडे नेताना, सही करताना, म्हणजे हात वापरताना उफाळतो, आणि त्यात मान किंवा आवाजही थरथरू शकतो. कपातला चहा सांडणारे आजोबा आणि दूरदर्शनसमोर बसले असताना एकच हात हलणारे आजोबा, यांच्यातला हा फरक घरच्यांनी नीट सांगितला तर निदानाला मोठी मदत होते. तो फरक काटेकोर नसतो, हेही लक्षात ठेवावे. पार्किन्सन्सच्या रुग्णाने हात समोर ताठ धरला तर काही सेकंदांच्या विश्रांतीनंतर कंप पुन्हा उद्भवू शकतो, आणि अनुभव कमी असलेला डॉक्टर तिथे फसू शकतो.

याशिवाय लक्षणे एका बाजूला सुरू झाली का, चालताना एक हात झुलेनासा झाला का, वास येणे कमी झाले का, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडण्याची सवय होती का, यांसारख्या गोष्टी पारड्यात पडत जातात. काही गोष्टी दुसऱ्या पारड्यात पडतात: पहिल्या दोन-तीन वर्षांतच वारंवार तोल जाऊन पडणे, नजर खाली वळवता न येणे, उभे राहताच रक्तदाब एकदम घसरणे, लक्षणे फक्त कमरेखाली असणे. यांना निकषांमध्ये सावधगिरीचे इशारे किंवा निदान रद्द करणारी कारणे म्हटले आहे.

पार्किन्सन्ससारखे दिसणारे, पण पार्किन्सन्स नसलेले

इसेन्शियल ट्रेमरचा उल्लेख आलाच. मेंदूचा ऱ्हास करणारे आणखी दोन आजार, पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) आणि एमएसए (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी), सुरुवातीला पार्किन्सन्सशी इतके मिळतेजुळते असतात की तज्ज्ञही चकतात. मेंदूत लहान लहान रक्तवाहिन्या बंद पडल्यानेही पाय अडखळू लागतात, मेंदूत पाणी साचल्यानेही चाल बिघडते. तरुण रुग्णात शरीरात तांबे साचणारा विल्सनचा आजार वगळावाच लागतो, कारण तो वेळेवर ओळखला तर त्यावर उपचार आहेत.

पण भारतीय घरात सर्वांत आधी तपासावी अशी गोष्ट म्हणजे औषधांचा डबा. मानसिक आजारांवरची काही औषधे डोपामाइनचे काम अडवतात, हे डॉक्टरांना ठाऊक असते आणि ते त्याबद्दल विचारतातही. चक्करेसाठी दिली जाणारी सिनारिझिन, अर्धशिशीसाठीची फ्लुनारिझिन, उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड आणि आम्लपित्ताच्या कॅप्सूलमध्ये मिसळून येणारी लेव्होसल्पिराइड हीही पार्किन्सोनिझम घडवू शकतात, हे मात्र घरच्यांना माहीत नसते. आम्लपित्तावरची गोळी ती काय, तिचे नाव कशाला सांगायचे, असे वाटून ती सांगायची राहते. अशा रुग्णांत औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केल्यावर काही आठवड्यांत वा महिन्यांत लक्षणे बऱ्याचदा ओसरतात, आणि ते औषध बंदच झाले नाही तर पार्किन्सन्सच्या औषधांचा भार विनाकारण वाढत जातो.

अचूकता मोजली कशी?

निदान बरोबर होते की नाही, हे सांगणारा आजवरचा सर्वांत भरवशाचा पुरावा रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदू तपासूनच मिळतो. हयातीत मेंदूदानाची इच्छा नोंदवलेल्या रुग्णांमुळेच आज आपल्याकडे हे आकडे आहेत, ही गोष्ट मला आवर्जून नोंदवावीशी वाटते.

लंडनच्या पार्किन्सन्स मेंदूपेढीतील संशोधकांनी १९९२ मध्ये अशा १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांना हयातीत न्यूरॉलॉजिस्टनी पार्किन्सन्स असल्याचे सांगितले होते. मेंदू तपासल्यावर त्यांपैकी ७६ जणांनाच तो आजार असल्याचे आढळले. उरलेल्या २४ जणांत पीएसपी, एमएसए, अल्झायमरच्या प्रकारचे बदल आणि रक्तवाहिन्यांचे विकार निघाले. त्याच गटाने २००१ मध्ये नव्या १०० रुग्णांचा अभ्यास केला तेव्हा हे प्रमाण ९० वर गेले होते. वेगवेगळ्या देशांतील अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये घेतला गेला. त्यात एकूण अचूकता सुमारे ८०.६ टक्के भरली. या आजारांचा विशेष अभ्यास नसलेल्या डॉक्टरांची अचूकता ७३.८ टक्के होती, तर हालचालींच्या विकारांतील तज्ज्ञांची पहिल्या तपासणीत ७९.६ आणि नंतरच्या पाठपुराव्यानंतर ८३.९ टक्के. पंचवीस वर्षांत यात म्हणावी तशी सुधारणा झाली नाही, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष होता.

‘अचूक’ या एका शब्दात दोन प्रश्न

आंब्याच्या बाजाराचे उदाहरण घेऊ. अस्सल हापूस आणि हापूससारखे दिसणारे आंबे एकाच बाजारात आले आहेत आणि एक जाणकार नुसता रंग, आकार आणि वास पाहून पेट्यांवर चिठ्ठ्या लावतो आहे. त्याच्या नजरेची पारख दोन प्रकारे करता येते. त्याने हापूस म्हटलेल्या पेट्यांपैकी खरोखर हापूसच्या किती निघाल्या, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न झाला. बाजारात आलेल्या खऱ्या हापूसच्या पेट्यांपैकी त्याने किती ओळखल्या, हा बागायतदाराचा प्रश्न झाला. जाणकार फार सावध असेल तर त्याने हापूस म्हटलेली पेटी हमखास हापूसच निघेल, पण काही खऱ्या पेट्या मात्र शंकेपायी बाजूला पडतील.

लंडनच्याच क्वीन स्क्वेअर येथील तज्ज्ञांच्या सेवेबाबत २००२ मध्ये हेच दिसले. पार्किन्सोनिझमच्या १४३ रुग्णांत त्यांनी ७३ जणांना पार्किन्सन्स म्हटले होते आणि त्यांपैकी ७२ जणांत ते खरे ठरले, म्हणजे चूक केवळ एक. पण मृत्यूनंतर मेंदू तपासल्यावर पार्किन्सन्स निघालेले एकूण रुग्ण ७९ होते. सात जणांवर दुसऱ्याच आजाराची चिठ्ठी लागली होती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ ९९ टक्के, दुसऱ्याचे ९१ टक्के. वर्तमानपत्रात एकच टक्केवारी छापून येते तेव्हा ती कोणत्या प्रश्नाची आहे, हे पाहिले पाहिजे.

या आकड्यांना आणखी एक मर्यादा आहे. मेंदूपेढीत पोहोचणारे रुग्ण बहुधा दीर्घकाळ आजारी राहिलेले असतात, आणि ज्या शेवटच्या निदानाची परीक्षा होते ते अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतरचे असते. पहिल्याच भेटीत केलेल्या निदानाला ते लागू करणे योग्य नाही.

काळ हीच एक तपासणी

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना येथील २०१४ च्या अभ्यासाने नेमका हाच मुद्दा उघड केला. पाच किंवा अधिक वर्षे आजार असलेल्या आणि औषधाला प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांत निदान ८८ टक्के वेळा बरोबर ठरले. आजाराला पाच वर्षे व्हायची होती पण औषधाचा गुण येत होता, अशा १५ जणांपैकी ८ जणांतच, म्हणजे ५३ टक्के वेळा ते खरे निघाले. ज्यांना औषध दिलेच नव्हते किंवा त्याचा स्पष्ट गुण आला नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होते. रुग्णसंख्या लहान असल्याने हे आकडे पाठ करण्यासारखे नाहीत, पण त्यांचा रोख निःसंदिग्ध आहे.

याचे कारण सरळ आहे. पीएसपीचा रुग्ण सुरुवातीला नुसता मंद असतो आणि दोन-तीन वर्षांनी त्याची नजर अडकू लागते. एमएसएच्या रुग्णात लघवीच्या आणि रक्तदाबाच्या तक्रारी कालांतराने ठळक होतात. जी खूण अजून उमटलेलीच नाही ती कितीही निष्णात डॉक्टरला पहिल्या भेटीत दिसणार नाही. म्हणून दोन वर्षांनी निदान बदलले तर आधीच्या डॉक्टरांनी निष्काळजीपणा केला, असे लगेच म्हणणे अन्यायाचे होईल. मेंदूत विद्युत्कांडी बसवण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी आजाराला साधारण चार-पाच वर्षे होऊ देतात, त्यामागेही हे एक कारण आहे, कारण पीएसपी किंवा एमएसएमध्ये त्या शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही.

मग सरळ स्कॅन का करत नाहीत?

साधा एमआरआय पार्किन्सन्समध्ये बहुधा सर्वसामान्य येतो. तो काढतात तो रक्तवाहिन्यांचा झटका, गाठ, साचलेले पाणी अशी दुसरी कारणे वगळण्यासाठी. डोपामाइनच्या पेशींचे जाळे दाखवणारे विशेष स्कॅन असतात आणि भारतातील मोठ्या शहरांत ते होतातही. ते इसेन्शियल ट्रेमर किंवा औषधांमुळे झालेला पार्किन्सोनिझम वेगळा काढायला उपयोगी पडतात. मात्र पार्किन्सन्स, पीएसपी आणि एमएसए या तिघांतही ते जाळे विरळ होते, त्यामुळे जिथे तज्ज्ञाला खरी अडचण येते तिथेच हा स्कॅन गप्प बसतो.

या स्कॅनने संशोधकांना मात्र एक मोठा धडा दिला. लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या चाचणीत, सुरुवातीच्या अवस्थेतील पार्किन्सन्स म्हणून निवडलेल्या १४२ जणांचे स्कॅन केले गेले आणि त्यांपैकी २१ जणांचे अगदी सर्वसामान्य आले. आजार थोपवणारे औषध शोधताना सात जणांत एकाला तो आजारच नसेल, तर चांगल्या औषधाचाही गुण झाकला जाऊ शकतो. निदानातील चुकीची किंमत अशी एका घरापुरती राहत नाही.

गोळीने बरे वाटले, म्हणजे निदान पक्के झाले का?

लेव्होडोपाचा ठळक आणि टिकाऊ गुण हा पार्किन्सन्सच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे, पण तेवढ्यावर शिक्कामोर्तब होत नाही. एमएसएच्या काही रुग्णांनाही सुरुवातीची काही वर्षे गुण येतो. औषध घेतल्याच्या विश्वासानेही या आजारात काही काळ फरक जाणवतो. उलट बाजूने, खऱ्या पार्किन्सन्समधला कंप कधीकधी या औषधाला दाद देत नाही, आणि पुरेशी मात्रा पुरेसे दिवस घेतलेली नसेल तर ‘गुण आला नाही’ हा निष्कर्षच चुकीचा ठरतो.

नव्या चाचण्या काय सांगतात?

मणक्यातील पाण्यात बिघडलेले आल्फा-सिन्यूक्लिन अत्यल्प प्रमाणात असले तरी ते प्रयोगशाळेत वाढवून ओळखणारी एक चाचणी आहे. दह्याचे थोडेसे विरजण भांडेभर दूध बदलते, तसे बिघडलेले प्रथिन चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखे करत जाते, आणि तो बदल यंत्राला दिसतो. २०२३ मध्ये १,१२३ सहभागींवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पार्किन्सन्स असलेल्या सुमारे ८८ टक्के लोकांत ही चाचणी होकारार्थी आली, तर निरोगी माणसांत ती ९६ टक्के वेळा नकारार्थी राहिली. त्वचेच्या लहान तुकड्यात हेच प्रथिन शोधणारी चाचणीही आहे.

ही प्रगती मोलाची आहे आणि मी तिचे मनापासून स्वागत करतो. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. लेवी बॉडीशी संबंधित स्मृतिभ्रंशातही आल्फा-सिन्यूक्लिन बिघडलेले असते आणि एमएसएमध्येही, त्यामुळे होकारार्थी उत्तरानेही काही प्रश्न उरतात. शिवाय एलआरआरके-२ नावाच्या जनुकातील दोषामुळे पार्किन्सन्स झालेल्या काही रुग्णांत ही चाचणी नकारार्थी येते, जरी त्यांच्यात आजाराची सगळी लक्षणे असतात. आजची स्थिती अशी आहे की या चाचण्यांनाही अखेर अर्थ द्यावा लागतो तो समोरच्या रुग्णाच्या बोटांकडे, चालीकडे आणि पूर्वेतिहासाकडे पाहूनच.

घरच्यांच्या हातात काय आहे?

पुढच्या भेटीला जाताना चालू असलेल्या आणि गेल्या वर्षभरात घेतलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे न्यावीत, पित्ताची आणि चक्करेचीही. डॉक्टरांसमोर माणूस नकळत नीट चालतो, म्हणून घरात चालताना आणि निवांत बसले असताना मोबाइलवर एखाद्या मिनिटाचे चित्रण करून ठेवावे. पडण्याच्या घटना तारखेसह लिहाव्यात. गोळी घेतल्यावर किती वेळाने आणि किती वेळ बरे वाटते, याचीही नोंद ठेवावी. या सगळ्यात सहा महिन्यांनी, वर्षाने जो बदल होतो तोच निदान पक्के करतो किंवा बदलायला लावतो, म्हणून बरे वाटत असले तरी पुढची भेट टाळू नये.

आणि एक प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावा. २०१५ च्या निकषांत निदानाच्या खात्रीच्या दोन पायऱ्या आहेत: लक्षणांवरून प्रस्थापित झालेला पार्किन्सन्स आणि लक्षणांवरून संभाव्य वाटणारा पार्किन्सन्स. आमच्या वडिलांचे निदान आज यांपैकी कोणत्या पायरीवर आहे आणि ते वरच्या पायरीवर जाण्यासाठी किंवा बदलण्यासाठी तुम्ही पुढे कशाकडे लक्ष ठेवणार आहात, एवढे विचारले तर बहुतेक डॉक्टर खुर्ची ओढून नीट समजावून सांगतात.